डायलवरचे सी१, सी२, सी३ : लग्नाच्या आदल्या रात्रीच लावून ठेवा

साताऱ्यात लग्नाचे फोटो काढायला शिकत होतो, तेव्हा पहिला सीझनभर मी कॅमेऱ्याच्या डायलवरच्या सी१, सी२, सी३ या खुणांना हातच लावला नाही. आपली ठरलेली सेटिंग आधीच जतन करून ठेवायच्या या तीन जागा. मंगल कार्यालयात दारात कडक ऊन, स्टेजवर एलईडी, हळदीच्या खोलीत एकच ट्यूब. त्यात 'शुभमंगल सावधान' झालं की अंतरपाट दूर होतो, अक्षता उडतात आणि नवरा-नवरी पहिल्यांदा समोरासमोर बघतात. तेवढ्यात शटर, आयएसओ (म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील), फोकस असं तिन्ही बदलायला वेळ कुणाकडे असतो?

माझा कॅमेरा कॅननचा. आधी एम म्हणजे मॅन्युअल मोडवर हवं ते सगळं लावायचं. मग पिवळ्या पान्याच्या मेनूत कस्टम शूटिंग मोड उघडून 'रजिस्टर' करायचं. निकॉनच्या बऱ्याच मॉडेलांवर हेच यू१, यू२ नावाने असतं.

माझं सी१ हॉलसाठी: १/१०० सेकंद शटर, एफ ३.२ (लेन्सचं छिद्र किती उघडं), आयएसओ ऑटो, वरची मर्यादा ६४००. १/१०० का, हे नीट समजून घ्या. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर त्याहून वेगवान ठेवलं की फोटोत काळे-पिवळे पट्टे येऊ शकतात. पण सी२ अंतरपाटासाठी, तिथे अक्षता हवेत थांबायला हव्यात. म्हणून १/२५०, सर्व्हो (हलत्या माणसामागे जाणारा) फोकस, सलग फोटो आणि दिव्यांचं लुकलुकणं सांभाळणारं अँटी-फ्लिकर चालू. त्याने सलग फोटोंचा वेग थोडा कमी होऊ शकतो, मला तो चालतो.

सी३ कास पठाराचं. सप्टेंबरात प्री-वेडिंगसाठी पठाराकडे जाणं होतंच, आणि २०१२ पासून जागतिक वारशात असलेल्या त्या पठारावर फुलांसाठी मी एकटाही जातो. वारा थांबत नाही आणि सीतेची आसवं ही फुलं करंगळीच्या नखाएवढी. १/६४०, एफ ८, एकच फोकस पॉइंट. जवळून फोटो हवा म्हणून वाट सोडून फुलांत पाय टाकू नका, लांबची लेन्स न्या.

आता माझी चूक. त्याच मेनूत 'ऑटो अपडेट' आहे, तो मी हौसेने चालू केला होता. एका लग्नात नवरदेव दारात आला, मी सी२ वरच शटर १/२००० केलं. मुहूर्ताला पुन्हा सी२ लावलं, तर तेच १/२००० जतन झालेलं. अंतरपाटाचे सगळे फोटो काळपट. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) होते म्हणून थोडे उजळले, पण फोटोत चेहऱ्यांवर रवाळ ठिपके राहिलेच. नवरीच्या आईला अल्बम देताना माझा हात थरथरत होता. ऑटो अपडेट बंद ठेवा. मग कितीही बदल केले तरी डायल फिरवून परत आलात की मूळ सेटिंग मिळते.

लेन्सवरची एएफ-एमएफची (ऑटो की हाताने फोकस, ही) कळ मात्र यात कुठेच जतन होत नाही. ती बोटाने चाचपूनच मी मुहूर्ताला उभा राहतो.