शेवग्याची फांदी कुंपणाला लावताना

शेंगा उतरल्यावर एप्रिल-मेमध्ये शेवगा छाटतात, तेव्हाच फांद्या मागून ठेवा. मनगटाएवढी जाड, तीन-चार फूट लांब, पक्क्या लाकडाची फांदी घ्या. हिरवी कोवळी डहाळी कुजते. कापलेलं टोक दोन-तीन दिवस सावलीत सुकू द्या, ओल्या जखमेतून बुरशी शिरते. वरच्या टोकाला शेणमातीचा गोळा थापा, म्हणजे फांदी वरून वाळत नाही. शेंड्याची बाजू वरच हवी. उलटी लावलेली फांदी हमखास वाया जाते.

फूटभर खोल पुरा आणि माती पायाने घट्ट दाबा. फांदी हलत राहिली तर नवी मुळं तुटतात. पाणी बेताचंच द्या. शेवगा मरतो तो बहुधा साचलेल्या पाण्यानं, म्हणून काळ्या जमिनीत वरंब्यावरच लावा.

पालवी लगेच फुटते, पण ती फांदीतल्या साठ्यावर. मुळं धरली असं तेवढ्यावरून समजू नका आणि उपटून तर मुळीच पाहू नका!

झाड दरवर्षी कमरेएवढं छाटा. उंच गेलं की शेंगा हाती लागत नाहीत, ठिसूळ फांद्या वादळात मोडतात. छाटलेल्या फांद्या शेजारच्या कुंपणांना द्या, पाल्याची भाजी करा.