पंपावर रक्त फुटतं ते बहुधा आपल्याच हातानं: या चुका टाळा

हृदयाच्या शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीन, आमच्या भाषेत पंप, त्याच्यापाशी इंदूरला बसून मला वीस वर्षं होऊन गेली. दरवर्षी नवी पोरं येतात आणि त्याच चुका करतात. रक्तातल्या लाल पेशी फुटून लघवी लाल झाली की बोट मशीनकडे. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात या मशीनवर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून मशीन पुष्कळ सुधारलं, नॉब फिरवणारा हात तेवढा तसाच राहिला.

माझा सगळ्यात मोठा राग सकरवर, म्हणजे जखमेत साठलेलं रक्त ओढून मशीनमध्ये परत आणणाऱ्या नळीवर. ट्यूब दाबत रक्त पुढे ढकलणाऱ्या रोलरपेक्षा जास्त लाल पेशी सकर फोडतो, कारण तो रक्ताबरोबर हवाही ओढतो आणि दोन्ही घुसळून काढतो. फुटलेल्या पेशींतून सुटलेल्या हिमोग्लोबिनला रक्तातलं हॅप्टोग्लोबिन नावाचं प्रथिन काही काळ धरून ठेवतं. ते संपलं की थेट किडनीवर भार.

माझ्या पहिल्याच वर्षी मायट्रल व्हॉल्व्हची एक केस होती. सर्जन म्हणाले, "दिसत नाही, ओढ," आणि मी नॉब वाढवत गेलो. सकरचं टोक कोरड्या जागी पडून सुर्र सुर्र हवा ओढतंय, रक्त साठवणाऱ्या रेझरव्हॉयरमध्ये फेस चढतोय आणि मी खूश, कारण कोणी ओरडत नव्हतं. पाऊण तासानं भूलतज्ज्ञ मॅडमनी युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, उचलून दाखवली. आत कोकम सरबत! "हे काय केलंस रे?" सकर कमी केला, फ्लो आणि प्रेशर वर ठेवलं, लघवी वाढवणारं मॅनिटॉल दिलं. मी रात्रभर आयसीयूबाहेरच्या बाकावर. लघवी सकाळी स्वच्छ झाली, तेव्हा कुठे पोहे घशाखाली उतरले. तेव्हापासून मी डोळ्यांआधी कान वापरतो. सुर्र ऐकू आलं की नॉब मागे, सर्जनना न विचारता. ओढायला रक्त नसेल तर सकर बंद.

दुसरी चूक रोलरच्या ऑक्लुजनची, म्हणजे रोलर ट्यूब किती आवळतो त्याची. "सर, कालचंच सेटिंग आहे." काल ट्यूब कोणती होती? घट्ट आवळलं तर पेशी चिरडतात आणि ट्यूबच्या आतलं प्लास्टिक झिजून कण सुटतात. सैल ठेवलं तर रक्त मागे फिरतं, तेही पेशींना सोसत नाही. मी सलाइनचा साधारण पाऊण मीटरचा स्तंभ उभा करतो आणि तो मिनिटाला इंचभर उतरेल असं सेट करतो. दोन्ही रोलर वेगवेगळे तपासतो. पाच मिनिटं जातात. ज्यांना ती जड वाटतात त्यांनी इंदूरच्या खाऊगल्लीत, छप्पन दुकानवर, चहा विकावा.

प्राइमचा, म्हणजे मशीनच्या नळ्यांत आधी भरायच्या द्रवाचा, हिशेब कागदावर करा. ४० किलोच्या बाईच्या अंगात साधारण २.८ लिटर रक्त. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातला लाल पेशींचा टक्का, ३० आणि प्राइम दीड लिटर, तर पंपावर गेल्यावर तो १९.५ वर येतो. मग धावपळ करून रक्त मागवण्यापेक्षा सर्किट, म्हणजे नळ्यांची जोडणी, आधीच आखूड करा.

एसीटी, म्हणजे रक्त गोठायला लागणारा वेळ, ४८० सेकंदांच्या वर गेल्याशिवाय पंप सुरू नाही. बारीक सुईतून जोरात ओढलेल्या सॅम्पलमध्येही पेशी फुटतात आणि त्यांतलं पोटॅशियम बाहेर येतं; पोटॅशियम वाढलेलं दिसलं तर आधी नवं सॅम्पल घ्या. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्सचा आकडा घसरला म्हणून लगेच पिशव्या मागवू नका. घसरणीत प्राइममुळे रक्त पातळ होण्याचा मोठा वाटा असतो. उलट आकडा बरा असूनही रक्त झिरपतं, कारण रक्तात ऑक्सिजन घालणाऱ्या ऑक्सिजनेटरच्या प्लास्टिकला लागून आलेल्या प्लेटलेट्स थकलेल्या असतात. आकड्याआधी जखम बघा.

आपल्याकडे झाबुआ, अलीराजपूर, धारहून पेशंट येतात. सिकलचा, म्हणजे लाल पेशींच्या आनुवंशिक आजाराचा, रिपोर्ट फाइलमध्ये नसेल तर मी प्राइमसुद्धा करत नाही. थंडी, वाढलेलं आम्ल, कमी ऑक्सिजन, यांनी त्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आजार असेल तर आधी रक्त बदलायचं का, किती थंड करायचं, हे आदल्या दिवशी बसून ठरतं. परवा अशीच एक फाइल परत पाठवली. ज्युनिअर कुरकुरला, "सर, केस उद्यावर जाईल."

गेली उद्यावर.