स्वसंरक्षणासाठी पिस्तुलाची काडतुसं निवडताय? या चुका टाळा

पिस्तूल घेताना माणूस महिनोन्महिने चौकशी करतो. काडतुसं मात्र डबीवरचं चित्र बघून उचलतो.

पहिला घोळ नावातच होतो. ‘नाइन एमएम द्या’ एवढं सांगून भागत नाही. ९×१९ म्हणजे पॅराबेलम किंवा लुगर, ९×१८ म्हणजे माकारॉव आणि ९×१७ म्हणजे .३८० एसीपी. दुसरा आकडा पुंगळीची, म्हणजे काडतुसाच्या धातूच्या आवरणाची, मिलिमीटरमधली लांबी सांगतो. त्यातही माकारॉवची गोळी प्रत्यक्षात ९.२७ मिमी जाड असते. त्यामुळे पिस्तुलाच्या नळीवर कोरलेलं नाव आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का जुळवून पाहा. .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल चालतं, उलटं करायचं नाही. ‘प्लस पी’ लिहिलेलं काडतूस जास्त दाबाचं असतं; पिस्तुलाच्या माहितीपुस्तकात परवानगी असेल तरच घ्या.

दुसरी चूक म्हणजे सरावाचीच काडतुसं संरक्षणासाठी भरून ठेवणं. सरावाची ही फुल मेटल जॅकेटची, म्हणजे धातूच्या कवचातली, गोळी अंगात शिरल्यावर सहसा फुलून रुंद होत नाही. ती आरपार जाऊन मागच्या माणसाला लागू शकते. हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला खळगा असलेली गोळी, अंगात शिरल्यावर फुलते आणि वेग गमावते. पण तीही भिंत भेदते, आणि तोंडात प्लास्टर भरलं तर फुलतही नाही. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने अशा गोळ्यांना युद्धात बंदी घातली. नागरिकांसाठीचे नियम देशागणिक वेगळे आहेत, तेव्हा आधी आपल्या परवान्याच्या अटी वाचा.

‘कुठली गोळी एका फटक्यात आडवं करते?’ या वादात मला रस उरलेला नाही. १९८६ मध्ये मायामीत दरोडेखोरांशी झालेल्या चकमकीनंतर अमेरिकेच्या एफबीआयने गोळ्यांच्या चाचणीची पद्धत बसवली. मांसाच्या जागी वापरलेल्या १० टक्के जिलेटिनमध्ये गोळी १२ ते १८ इंच शिरावी, हा त्यातला निकष आजही उपयोगी आहे. डबीवरचा वेग मात्र जरा जपून वाचा. तो लांब नळीवर मोजलेला असेल तर तुमच्या छोट्या पिस्तुलातून तेवढा मिळणार नाही, आणि मग गोळी फुलेलच असंही नाही.

सगळ्यात महाग पडते ती चूक वेगळीच: घेतलेलं काडतूस स्वतःच्या पिस्तुलातून झाडूनच न पाहणं. गोल नाकाची गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, सहज सरकते; हॉलो पॉइंटचं रुंद तोंड चेंबरकडे नेणाऱ्या उतारावर अडकू शकतं. रेंजवर निदान शंभरेक तरी झाडा, आणि जी मॅगझिन (काडतुसं भरायच्या पेट्या) जवळ बाळगता त्यांतूनच झाडा. खर्च होतो, हो. ११५ ग्रेन (गोळीच्या वजनाचं माप) वर सराव करून १४७ ग्रेन भरलीत तर धक्का बदलतो आणि मारा थोडा वरखाली होतो, तेही इथेच कळतं.

अडकलंच तर आधी मॅगझिनवर संशय घ्या. प्रत्येकीवर नंबर टाका. एकाच नंबरवर अडकत असेल तर काडतूस बहुधा निर्दोष आहे. सगळ्यांवर अडकत असेल तर दुसऱ्या आकाराची गोळी आणून बघा. रिकामी पुंगळी नीट बाहेर पडत नसेल तर बहुधा हाताची पकड ढिली आहे किंवा काडतूस कमजोर. चाप ओढल्यावर नुसतं ‘टक्’ झालं तर नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, दारू उशिरा पेटू शकते. ‘फुस्स’ असा दबका आवाज आला तर मात्र पुढचा बार मुळीच काढू नका. गोळी नळीतच अडकलेली असू शकते, आणि मागून दुसरी आली तर नळी फुटू शकते. पिस्तूल पूर्ण रिकामं करून नळी तपासा.

ठेवण्याचं थोडक्यात: काडतुसं कोरडी, थंड जागी आणि कुलपात ठेवा. पिस्तुलाला तेल देताना ती बाजूला काढा, कारण तेल काडतुसाच्या बुडाशी असलेल्या, ठिणगी देणाऱ्या टोपीत झिरपलं तर ती पेटेलच असं नाही.

एक चूक सरावलेले लोकही करतात. रात्री पिस्तूल रिकामं करायचं, सकाळी तेच वरचं काडतूस पुन्हा चेंबरमध्ये. दर खेपेला गोळीचं नाक उतारावर आपटतं आणि ती पुंगळीत किंचित आत ढकलली जाते. आतली जागा कमी झाली की गोळी झाडताना दाब धोकादायक वाढू शकतो. अधूनमधून ते काडतूस नव्याशेजारी उभं करून उंची बघा. आखूड दिसलं तर पकडीने ओढून सरळ करायला जाऊ नका. रेंजवरच्या जबाबदार माणसाकडे नष्ट करायला द्या.