डोंगरी भागात गवत कापणी, व्हळी आणि गुरं दावणीला घेताना

शाहूवाडी, पन्हाळा, पाटण या पट्ट्यात राखलेल्या माळावरचं गवत दिवाळी उरकल्यावरच कापायचं, अशी रीत पडली आहे. तोवर भात घरात आलेलं असतं, पैऱ्याला, म्हणजे एकमेकांच्या कामाला, माणसं मिळतात आणि गवत उभ्या उभ्या वाळलेलं असतं. माणसाला हे सोयीचं असलं तरी गुरांच्या तोंडी त्यातून फार काही पडत नाही. गवत साधारण निम्मं फुलोऱ्यावर आलेलं असतं तेव्हा त्यात सत्त्व असतं. बी पिकून झडलं की काडी उरते. तिने पोट भरतं, पण दूध चढत नाही.

कुसळीच्या माळाला तर थांबूच नये. तिची कुसळं एकदा टणक झाली की हिरड्यांत आणि जिभेखाली रुततात, मग जनावर वैरण तोंडात घेऊन टाकून देतं. मारवेल, पवन्याचा तुकडा चार दिवस मागे राहिला तरी चालेल, कुसळीचा आधी उरका. भात आणि गवत एकदमच आलं तर भात पहिलं, त्यात वाद नाही. पण पाऊस उघडला आणि भात अजून हिरवट असेल, तर त्या मधल्या दिवसांत निदान एक टप्पा कापून होतो. परतीच्या पावसाचा भरवसा नसतो, म्हणून कापायच्या आदल्या दिवशी मोबाईलवर ‘मेघदूत’ किंवा ‘मौसम’ ॲपमधला अंदाज बघा. पुढचे तीन-चार दिवस कोरडे दिसत असतील तेवढंच कापा. सगळा माळ एकदम आडवा करू नका.

दव उडाल्यावर विळा लावा. कापलेलं पातळ पसरा आणि दुपारनंतर एकदा उलटा. दुसऱ्या दिवसापासून लहान ओळी करून वाळवा. कडक उन्हात दिवसच्या दिवस पडलेलं गवत पिवळं पडतं, पानं चुरगळून मातीत जातात. वाळलेल्या गवतावर थोडी हिरवट झाक राहिली पाहिजे.

व्हळी, म्हणजे वाळल्या गवताची गंजी, रचण्याआधी ओल तपासा. साठवायच्या गवतात ओलावा शंभरात पंधराच्या आसपास हवा, वीसच्या वर गेला की बुरशी धरते. घरच्या घरी बघायचं तर मीठ तव्यावर कोरडं करून घ्या. गवताचे इंचभर तुकडे करून काचेच्या कोरड्या बरणीत अर्ध्यापर्यंत भरा, चमचाभर मीठ टाका, झाकण लावून दोन मिनिटं हलवा. मीठ सुटं राहिलं तर रचायला हरकत नाही. गोळा झालं किंवा काचेला चिकटलं तर आणखी एक ऊन द्या.

खाली दगड किंवा फाटी घालून त्यावरच रचा. माथा निमुळता ठेवा, कडेने चर काढा. ओलसर गवताची व्हळी आतून तापते, कधी आपोआप पेटतेही. पहिले दोन-तीन आठवडे अधूनमधून लोखंडी सळई आत खुपसून पंधरा-वीस मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर व्हळी मोडावी लागेल, पण पाणी जवळ ठेवूनच, कारण वारा लागताच ती भडकू शकते. एका मोठ्या व्हळीपेक्षा लांब लांब दोन बऱ्या. विजेच्या तारेखाली नको, चुलीजवळ नको. भोवतीचं गवत दहा-बारा फूट खरवडून जाळपट्टा काढा. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पेटतात तेव्हा हाच उपयोगी पडतो.

वैरण पुरेल का हे व्हळीच्या उंचीवरून ठरवू नका, वजन करा. वाळलेला एक भारा ताणकाट्याला लावा. हिरवी वैरण थोडीफार असेल तर मोठ्या गाईला दिवसाला सहा किलो वाळलं गवत धरा, हिरवं अजिबात नसेल तर नऊ-दहा. डिसेंबरच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत 180 दिवस, म्हणजे सहाच्या हिशोबाने 1080 किलो. नासधूस धरून एका गाईला सव्वा टन. 15 किलोचा भारा असेल तर 80-85 भारे. कमी पडत असेल तर आत्ताच कडबा बघा, मार्चमध्ये भाव तुमच्या हातात राहत नाही.

गुरं माळावरून दावणीला घेताना एकदम वाळल्या वैरणीवर आणू नका, आठ-दहा दिवसांत बदल करा. कानात, शेपटीखाली, कासेजवळ गोचीड बघा, खुरांच्या बेचक्यात आणि डोळ्याच्या कडेला कुसळ बघा. जबड्याखाली लोंबती, पाणी भरल्यासारखी सूज असेल आणि जनावर खंगत असेल तर पाणथळीतल्या चरण्याने यकृतात पर्णकृमी झाल्याची शक्यता असते. शेण तपासून, वजनाप्रमाणे औषध डॉक्टरांकडूनच घ्या, गाभण गाईच्या बाबतीत तर नक्कीच. लाळ्या-खुरकुताची लस राहिली असेल तर ती याच वेळी टोचून घ्या.

भाताच्या पेंढ्यात सत्त्व कमी, तरी युरिया प्रक्रियेने तो उपयोगी होतो. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका आणि 21 दिवसांनी उघडा. रोज लागेल तेवढाच काढून तासभर वाऱ्यावर टाका, उग्र वास गेल्यावर थोड्यापासून सुरू करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा पेंढा द्यायचा नाही. युरियाच्या पाण्याची बादली गोठ्यात उघडी राहू देऊ नका, गुराने ती प्यायली तर जीव जातो.