पोकरमध्ये सलग हरताय? या चुका टाळा

ओळीने चार-पाच बैठका हरल्या की माणूस एकतर नशिबाला बोल लावतो, नाहीतर आपल्याला खेळताच येत नाही म्हणून हाय खातो. एवढ्यावरून निकाल लावणं हीच पहिली चूक. दर 100 हातांमागे (हात म्हणजे एक डाव) 5 बिग ब्लाइंड (डाव सुरू होताना एका खेळाडूने लावायचीच अशी ठरलेली रक्कम) कमावणारा खेळाडू चांगला म्हणायचा. पण 100 हातांतला चढउतारच 80 ते 100 बिग ब्लाइंडचा असतो, त्यामुळे 10,000 हातांनंतरही असा खेळाडू तोट्यात असण्याची शक्यता दहात तीनच्या आसपास राहते. टेबलावर तासाला 25-30 हात पडतात. महिन्यातून एकदा गोव्याच्या कॅसिनोत जाऊन दहाएक तास बसणाऱ्या बेळगावकराला एवढे हात खेळायला तीनेक वर्षं लागतील.

मग आपला खेळ बिघडलाय की पत्ते फिरलेत, हे ओळखायचं कसं? त्यासाठी वही हवी. ती न ठेवणं ही मला सगळ्यात महाग पडणारी चूक वाटते. जिंकलो-हरलो एवढंच लिहून भागत नाही. प्रत्येक मोठ्या हाताशी एक गोष्ट नोंदवा: पैसे आत गेले तेव्हा आपण पुढे होतो की मागे? समजा तुमच्याकडे एक्क्यांची जोडी आहे, फ्लॉपवर (टेबलावर उघडणारे पहिले तीन पत्ते) दोन बदाम पडले आणि समोरच्याने हातातल्या दोन बदामांवर सगळे चिप्स ढकलले. पुढच्या दोन पत्त्यांत त्याचा फ्लश (इथे पाच बदाम) लागण्याची शक्यता साधारण 35 टक्के. म्हणजे तीनातून एकदा तुम्ही हरणारच, आणि तरी तुमचा कॉल (त्याच्याएवढेच चिप्स लावणं) बरोबरच. वहीत असेच हात जास्त असतील तर खेळ बदलू नका. पण ‘एक जोडी होती, समोरचा ब्लफ करतोय असं वाटलं’ हे वाक्य पुन्हा पुन्हा दिसत असेल, तर गळती तिथे आहे. तो हात एखाद्या जाणत्या खेळाडूपुढे ठेवा आणि शेवट काय झाला ते त्याला आधी सांगू नका.

‘एवढ्या लांब आलोय, वसूल करूनच उठतो’ हे आपल्या भागातलं खास दुखणं. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला घाट करत पणजी गाठायची, गाडीत चौघांनी पेट्रोल वाटून घेतलेलं, मग रात्री अकराला दोन बाय-इन (एकदा टेबलावर बसताना घेतलेल्या चिप्सची रक्कम) गेले तरी कोण उठणार? पेट्रोलचे पैसे उठलात तरी गेलेत, बसलात तरी गेलेत. पहाटे तीनला डोळे जड झाले की एरवी सहज टाकून दिलेला हात टाकवत नाही. त्यात पावसाळ्यात चोर्ल्याचं धुकं, आणि स्टिअरिंग हरून चिडलेल्याच्या हाती. किती बाय-इन गेले की उठायचं आणि परत कोण गाडी चालवणार, हे बेळगावातून निघतानाच ठरवा. मुक्काम करणार असाल तर खोलीचे पैसे वेगळे काढून ठेवा.

तोटा भरून काढायला वरच्या स्टेकवर, म्हणजे जास्त रकमेच्या टेबलावर, जाऊ नका. उलट एक पायरी खाली या. कॅश गेमसाठी (थेट पैशांचे चिप्स, कधीही उठता येतं) 20 ते 30 बाय-इन बाजूला असावेत, टूर्नामेंटसाठी 100 तरी. हे पैसे उसाच्या बिलातून, भिशीतून किंवा बायकोचं सोनं तारण ठेवून उभे करायचे नाहीत, कधीच नाहीत. करातही दिलासा नाही: जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के कर बसतो आणि हरलेली रक्कम त्यातून वजा होत नाही.

ऑनलाइनचं थोडक्यात. ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैसे लावून ऑनलाइन पोकर खेळवण्यावर बंदी आली. आता टेलिग्रामवरून लिंक येतात, यूपीआयने अनोळखी खात्यात पैसे भरायला सांगतात. तिथे पैसे अडकले तर परत मागायचे कुणाकडे?

घरी रक्कम लपवावी लागत असेल, उधारीवर उधारी चढत असेल, ठरवूनही उठता येत नसेल, तर वहीने काम होणार नाही. खेळ पूर्ण थांबवा, घरातल्या एकाला खरा आकडा सांगा आणि टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन करा. तो मोफत आहे, रात्रीही लागतो, आणि मराठीत बोलता येतं.