मीटरचा लाल दिवा मोजला, चोर फ्रीज निघाला

पावसाळ्यात एसी बंद, पंखेसुद्धा कमी, तरी आमच्या फोंड्याच्या घराचं बिल उतरेना. आई म्हणायची, "मीटरच बिघडलाय." मीटर नीट होता.

त्यावर ३२०० इम्प/केडब्ल्यूएच असं छापलंय, म्हणजे लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. एका रात्री घरातलं सगळं बंद केलं, फक्त फ्रीज चालू ठेवला. मिनिटाला ८ लुकलुक, तासाला ४८०, म्हणजे दीडशे वॅट. तासाभराने पुन्हा मोजलं, तेवढेच. फ्रीज थंड करणारी मोटर, म्हणजे कॉम्प्रेसर, थांबतच नव्हता! दिवसाला साडेतीन युनिटं त्यातच जात होती.

फ्रीजचं दार नीट बसतंय का बघायला त्यात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. वरच्या बाजूला घट्ट अडकली, खाली बिजागरीजवळ मात्र अलगद सुटली. तिथलं रबर कडक होऊन चिरलेलं, फटीत काळी बुरशी. आपल्याकडची दमट हवा तिथूनच आत शिरत होती, म्हणून बर्फही सारखा साचायचा.

मॉडेल नंबर दाखवून नवीन गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, आणलं, गरम पाण्यात बुडवून सरळ केलं आणि खाचेत दाबून बसवलं. आता कॉम्प्रेसर मध्ये मध्ये थांबतो. चोवीस तासांचं रीडिंग घेतलं, फ्रीजचं पावणेदोन युनिटांवर आलंय. पुढचा नंबर गिझरचा.