जॉर्जियन घर रस्त्यावरून कसे पाहावे

मुलाकडे किंवा मुलीकडे ब्रिटनला जाऊन आलेल्या आपल्या कोल्हापूरकरांना बाथ, लंडन किंवा एडिंबरोची जुनी घरे कशी वाटली असे विचारले, की बहुतेक जण ‘सगळी एकसारखीच’ असे उत्तर देतात. तक्रार रास्त आहे. कारण 1714 ते 1830 या काळात, म्हणजे ओळीने चार जॉर्ज राजे गादीवर असताना बांधलेली ही शहरी घरे एकमेकांना भिंतीला भिंत लावून, मुद्दाम एका मापाची रांग दिसावी अशीच बांधलेली आहेत.

प्रथम वाड्याची सवय बाजूला ठेवावी. आपल्या पेठांतील जुना वाडा रस्त्याकडे बहुधा भिंत आणि दिंडीदरवाजा एवढेच दाखवतो, आणि त्याचे वैभव चौकात पाऊल टाकल्यावर कळते. जॉर्जियन घराची कुळकथा मात्र रस्त्याकडच्या भिंतीवरच मांडलेली असते, म्हणून आत शिरण्याची घाई न करता समोरच्या फरसबंदीवर उभे राहावे आणि खिडक्यांची उंची खालून वर तपासावी. पहिल्या मजल्यावरील खिडक्या सर्वांत उंच असतील, तर दिवाणखाना तेथे होता असे समजावे. त्याखाली, तळमजल्यावर, बहुधा जेवणघर असे. वर निजण्याच्या खोल्या, आणि सर्वांत वर, जवळजवळ चौरस होत गेलेल्या बुटक्या खिडक्यांमागे मुले व नोकर राहत. स्वयंपाकघर रस्त्याच्या पातळीखाली असे. त्याला उजेड मिळावा म्हणून घरासमोर लोखंडी कठड्याआड खोल मोकळी जागा सोडलेली दिसते.

त्यानंतर एकच खिडकी निवडून ती नीट पाहावी. तिची दोन तावदाने वर-खाली सरकतात आणि त्यांना तोलणारी वजने दोरीला बांधून चौकटीच्या पोकळीत लपवलेली असतात. काचांमधल्या लाकडी पट्ट्या जाड असतील तर काम बहुधा अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे, आणि सडपातळ असतील तर त्या शतकाच्या अखेरीचे किंवा नंतरचे असते. लंडनमध्ये आणखी एक खूण उपयोगी पडते. आगीच्या भीतीने 1709 च्या कायद्याने चौकट भिंतीच्या दर्शनी पृष्ठापासून चार इंच आत घेण्यास सांगितले, आणि 1774 च्या कायद्याने ती विटांच्या मागे बहुतांशी लपवण्यास भाग पाडले. लंडनबाहेर हे बदल सावकाश पोहोचले, त्यामुळे तेथे या एका खुणेवरून साल ठरवू नये. शिवाय खिडक्या नंतर बदललेल्याही असू शकतात.

बुजवलेली खिडकी दिसली की वाटाडे लगेच खिडकी-कराची गोष्ट सांगतात. घराच्या खिडक्या मोजून आकारला जाणारा हा कर इंग्लंडमध्ये 1696 पासून 1851 पर्यंत होता आणि त्यापायी खिडक्या बुजवल्या गेल्या, हे खरे. पण आत धुराडे किंवा आडवी भिंत आली, तरी बाहेरची सममिती मोडू नये म्हणून काही खिडक्या बांधतानाच खोट्या ठेवल्या जात. माझ्या मते आधी भराव पाहावा: त्याच्या विटा किंवा दगड भोवतालच्या भिंतीहून वेगळे असतील, तरच नंतर बुजवल्याचा संशय घ्यावा.

दारावरच्या पंख्याच्या आकाराच्या झरोक्याकडेही एकदा नजर टाकावी. अरुंद प्रवेशमार्गाला उजेड मिळावा हा त्याचा उपयोग.

सरावासाठी कोल्हापुरात नमुना शोधू नये. चार्ल्स मँट यांनी आराखडा केलेला आणि 1877 ते 1884 या काळात बांधलेला नवा राजवाडा इंग्रज माणसाच्या हातचा असला, तरी तो इंडो-सारासेनिक, म्हणजे भारतीय, इस्लामी आणि युरोपीय घडणीची मिसळ असलेल्या शैलीचा आहे. बाथला गेल्यास जॉन वुड (धाकटे) यांचे रॉयल क्रेसेंट पाहावे. 1767 ते 1774 या काळात उभ्या राहिलेल्या या 30 घरांचा अर्धचंद्राकृती दर्शनी भाग एकाच आराखड्याचा आहे. मागची बाजू मात्र घर घेणाऱ्यांनी आपापल्या गरजेप्रमाणे बांधून घेतली. म्हणून समोरून पाहून झाल्यावर वळसा घालून मागे जावे: तेथे छपरे वेगवेगळ्या उंचीची आणि खिडक्या वाटेल तेथे काढलेल्या दिसतात.